घर क्रमांक सात

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं एक प्रकरण मी तिला काढायला लावलं. त्यासाठी तिला तीन कारणं दिली. तिन्ही कारणं पद्धतीच्या पुस्तकात सापडतात. चौथं कारण मी तिला सांगितलं नाही, आणि खरं कारण तेवढं एकच होतं.

मी तंजावूरला एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवतो. त्यातही बरीच वर्षं माझ्याकडे एकच विषय आहे, संशोधन पद्धती. प्रश्न कसा मांडावा, नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कधी वापरावी आणि मुलाखत कधी. आमच्या घरात मराठी बोलतात, पण वाचता फार थोड्यांना येतं. मी ही लिपी मोठेपणी, हौसेनं शिकलो. हे मराठीत लिहितोय त्याचंही कारण सांगून टाकतो. ज्यांना हे वाचून वाईट वाटेल त्यांतले बहुतेक जण हे वाचू शकणार नाहीत.

ही विद्यार्थिनी जवळच्या ओरत्तनाडू गावची. वय पस्तिशीच्या पुढे, दोन मुलं, एका खाजगी शाळेत वाणिज्य शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची. पदवी मिळाली तर एका कॉलेजात कायम जागा मिळण्यासारखी होती. तिथल्या लोकांनी तिला तसं सांगितलंही होतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. तिची आजी मराठी बोलणारी. त्यामुळे तिला आमची भाषा सगळी समजायची, पण उत्तर ती तमिळमध्येच द्यायची.

विषय तिनंच आणला होता. तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मूळच्या कुटुंबांचे छोटे व्यवसाय, आणि त्यांतले निर्णय कोण घेतं. कोणी छापखाना चालवतं, कोणी शिवणकाम, कोणी औषधांचं दुकान. तिला मुलाखती घ्यायच्या होत्या.

"सर, मी नुसती बसून ऐकलं तर?" तिनं पहिल्याच भेटीत विचारलं.

"ऐकणं ही पद्धत नाही."

"मग पद्धत म्हणजे काय, सर?"

"दुसऱ्यानं तेच केलं तर तेच हाती लागलं पाहिजे," मी म्हणालो. हे वाक्य मी वर्गात दर वर्षी म्हणतो.

शेवटी आम्ही मध्यम मार्ग काढला. मुख्य काम प्रश्नावलीचं. पस्तीस विधानं, प्रत्येकासमोर 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच चौकटी. त्याशिवाय घरातल्या बायका बोलल्या तर तिनं ते टिपून ठेवायचं, आणि त्याचं एक वेगळं, पूरक प्रकरण करायचं. मुलाखती पूरक म्हणून चालतात. मी स्वतः तसं तिच्या आराखड्यावर लिहून सही केली होती.

आता घरं कुठून आणायची? मराठी मूळच्या कुटुंबांची यादी कुठल्याही कचेरीत मिळत नाही. ती आमच्या घरी होती. आमच्यात लग्नमुंजीचं आमंत्रण पोस्टानं देत नाहीत, घरी जाऊन द्यायचं. पुरुषानं पुरुषाच्या हातात पत्रिका द्यायची, बाईनं आत जाऊन बाईला कुंकू लावायचं. कोणाचं घर राहून गेलं तर तो राग दोन पिढ्या टिकतो, म्हणून आई एका वहीत सगळी घरं गल्लीवार लिहून ठेवायची. राजवाड्यामागच्या गल्ल्यांपासून नव्या वस्त्यांपर्यंत. ती वही मी विद्यार्थिनीपुढे ठेवली आणि म्हणालो, "ही आपली नमुना-चौकट." मला त्या वेळी मोठं समाधान वाटलं. वर्गात उदाहरण म्हणून सांगण्यासारखं आहे, असंही वाटलं.

जी माणसं आपल्याला कधी 'नाही' म्हणत नाहीत त्यांचीच ती यादी, आणि तिच्यातून मी मतं गोळा करायला निघालो होतो. पहिल्या वर्षाच्या मुलानं ही चूक केली तर मी त्याचे गुण कापतो.

मी घरोघरी फोन केले. आमची विद्यार्थिनी येते आहे, जरा मदत करा. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलोही. पहिलं घर छापखानेवाल्या काकांचं. काकांनी कागद हातात घेतले, चष्मा लावला आणि तो काढून ठेवला.

"अरे, तूच भरून टाक ना. तुझं मत तेच आमचं."

"तसं चालत नाही, काका. ती विचारेल, तुम्ही सांगा."

"विचारू दे. आधी कॉफी." मग तिच्याकडे वळून तमिळमध्ये, "हे पूर्ण सहमत म्हणजे चांगलं ना, अम्मा? मग सगळ्यांना तेच लाव."

"काका, वाचून तरी बघा."

"वाचायचं काय त्यात? तुझ्या बापानं माझं लग्न जमवलं. त्याच्या मुलाच्या कामावर मी असहमत लिहू?"

तिनं तरीही विधान वाचलं. व्यवसायातल्या महत्त्वाच्या निर्णयांत घरातील स्त्रियांचा सहभाग असतो. काकांनी आत तोंड करून आवाज दिला, "अगं, तू निर्णय घेतेस ना?"

"कसले?" आतून.

"कसले तरी. घेतेस म्हणून लिहितो."

"लिहा. आणि कॉफीचे डबरे आत पाठवा, दुसरे नाहीत."

आम्ही तिघंही हसलो. विद्यार्थिनी ते डबरे, म्हणजे कॉफीच्या पेल्याखालच्या वाट्या, घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काका मला त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगत राहिले.

तसंच सगळीकडे झालं. बाहेरच्या खोलीत पुरुष चौकटींवर खुणा करायचे, आणि ती रिकामी भांडी घेऊन आत जायची. तिला आमची भाषा समजते हे बायकांना दुसऱ्या वाक्याला कळायचं. ती बोलून दाखवत नाही हे तिसऱ्या. अशा माणसाजवळ लोक बोलतात.

चार महिन्यांनी प्रश्नावल्या संगणकात भरल्या. जवळजवळ सगळ्या घरांत सगळं 'पूर्ण सहमत'. तक्त्यात इकडून तिकडे पाचच पाच. मी तिला म्हणालो की समाजच एकजिनसी आहे, तसा निष्कर्ष काढता येईल. तिनं पूरक प्रकरणाचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला आणि शाळेची बस गाठायला गेली.

मसुद्यात घरांना फक्त क्रमांक होते. मी दुपारी कॉलेजच्या खोलीत वाचायला बसलो. चांगलं काम होतं, हे मला तिसऱ्या पानावर कळलं. एका घरातली सून औषधाच्या दुकानातला कुठला माल परत पाठवायचा ते ठरवत होती आणि नवऱ्याला वाटत होतं की ते त्यालाच सुचतं. कपड्याच्या दुकानातली एक आजी रोज संध्याकाळी 'सहज' चक्कर मारायची आणि दुसऱ्या दिवशी मांडणी बदललेली असायची. प्रश्नावलीतल्या आकड्यांचा अर्थ या पानांवर होता.

मग घर क्रमांक सात आलं. व्यवसाय, लग्नकार्यांचं जेवण.

आमच्या लोकांत लग्नाची जेवणं करणारं घर एकच आहे. ते माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं. यादीत तेही होतंच, आणि ते वगळायला हवं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल. आता नक्की सांगता येत नाही.

वहिनीचं बोलणं तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं. माझ्या आठवणीप्रमाणे ते असं होतं:

'माणसं किती येतील, तांदूळ किती, कोणता आचारी कुठल्या चुलीवर, हे मी सांगते. फोन ते घेतात. पाच मिनिटांत कळवतो म्हणतात आणि आत येतात. लोकांना वाटतं, विचार करतायत. मला त्याचं काही नाही. पण एकदा मी म्हटलं, पोडी आणि वडाम माझ्या नावानं करते, छोटंसं, घरातूनच. धाकटे भावोजी कॉलेजात हेच शिकवतात, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं. ते मला समजलं नाही. नको म्हणतायत, एवढं समजलं.'

पोडी म्हणजे मसाल्याची पूड आणि वडाम म्हणजे तांदळाचे सांडगे. दोन्ही वहिनीच्या हातची म्हणून लोक मागून नेतात.

मला ती दुपार आठवत होती. वहिनीनं विचारण्याच्या आदल्या दिवशी अण्णानं मला बाहेर ओट्यावर गाठलं होतं. "ती तुला विचारेल. तू काहीतरी सांग. तुझं ऐकते ती." मी सांगितलं. एका घरात निर्णयाची दोन केंद्रं झाली की संघर्ष होतो, ब्रँड विखुरतो, असं बरंच. वहिनी दाराला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सरि, भावोजी," म्हणजे बरं, आणि मला ताक आणून दिलं. मी ते प्यायलो. माझं बोलणं म्हणजे नुसता नकार आहे हे वहिनीला कळलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मसुदा मिटला तेव्हा मला काही वाटलं नाही. राग नाही, लाज नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं. त्या बधिरपणात मी लगेच वहीत मुद्दे काढायला घेतले.

दोन दिवसांनी ती आली. मी मुद्दे वाचून दाखवले. एक, मुलाखती ठरवून घेतलेल्या नाहीत, ओघात झाल्या आहेत. दोन, ध्वनिमुद्रण नाही, पडताळा कसा घेणार? तीन, बायकांची लेखी संमती नाही.

"सर, आराखड्यात तुम्हीच लिहिलं होतं. टिपून ठेव म्हणून."

"तेव्हा अंदाज नव्हता. परीक्षक हे फाडून खातील."

ती बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "सर, फक्त सातवं घर काढलं तर?"

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. तिथं मी 'हो' म्हटलं असतं तरी तिचं प्रकरण वाचलं असतं. पण 'हो' म्हटलं असतं तर खरं कारण सातवं घरच आहे हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मी खुर्चीत सरळ बसलो.

"एखादं घर सोयीनं वगळणं म्हणजे माहितीत फेरफार. तो अपराध आहे. गेलं तर सगळं प्रकरण जाईल."

हे वाक्य बरोबर आहे. कुठल्याही परिषदेत मी ते म्हणू शकतो. म्हणूनच ते मला सगळ्यात जास्त टोचतं.

तिनं प्रकरण काढलं. प्रबंध विद्यापीठाकडे गेला. काही महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. बाह्य परीक्षक एक वयस्कर बाई होत्या, आवाज मऊ. त्यांनी तक्ता उघडून तिच्याकडे सरकवला.

"एवढी घरं, आणि एकही माणूस कशालाही असहमत नाही. तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं, मॅडम."

"मग त्या घरांतल्या बायकांशी तुम्ही बोलला नाहीत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. समोर पंधरा-वीस माणसं होती, विभागप्रमुख होते, तिचा नवरा मागच्या रांगेत मिठाईचा खोका मांडीवर घेऊन बसला होता. मार्गदर्शक बोलू शकतो. बोलायचं असतं. मी माझ्यापुढच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली.

निकाल लगेच सांगितला. प्रबंध परत. सहा महिन्यांत बायकांच्या मुलाखतींचा भाग घालून, मार्गदर्शकाच्या सहीनं पुन्हा सादर करावा. त्यानंतर नोंदणी रद्द. तिच्या नवऱ्यानं खोक्यातली मिठाई तरीही वाटली. "घ्या सर, आणलाय तर," म्हणाला. मी एक पेढा घेतला.

आता सगळं सोपं होतं. लिहिलेलं प्रकरण तिच्याकडे होतं. ते जोडायचं, माझी सही घ्यायची, द्यायचं. पुढच्याच आठवड्यात ती आली. प्रकरण पुन्हा नीट केलेलं, संमतीचे कागद जोडायला जागा सोडलेली.

"सर, सगळी घरं ठेवलीत. तुम्ही म्हणाला होतात, वगळायचं नाही."

टोमणा नव्हता. ती माझ्या वाक्याला धरून चालली होती. मी म्हणालो, "ठेवून जा. सातव्या घराचं मी बघतो. संमती मी विचारून घेतो."

आणि मी विचारायला गेलो नाही.

यात सांगण्यासारखं काहीच नाही. प्रवेशांचे दिवस आले. मग अंतर्गत परीक्षा. मी रोज स्कूटरवरून अण्णाच्या गल्लीच्या तोंडावरून जात होतो. कधी वळलोही, पण जेवून परत आलो. वहिनीच वाढायची. मला भीती वाटत होती का? अण्णा चिडला असता, आमच्या लोकांत चर्चा झाली असती, दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोललं नसतं. एवढंच. ते काही फार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं एका बाजूला होतं आणि मी दुसऱ्या बाजूला. प्रकरण माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि खण उघडला की ते दिसायचं. मी खडू-डस्टर दुसऱ्या खणात ठेवायला लागलो.

तिचा फोन महिन्यातून एकदा यायचा. "सर, झालं का?" "बघतोय." तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "सर, मी काही चुकले असेन तर सांगा, दुरुस्त करते." मी म्हणालो, चूक नाही, जरा थांब. नंतर तिचे फोन थांबले. मुदतीची तारीख माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली होती. ती आली आणि गेली. त्या दिवशी मी दोन तास घेतले. विषय, संशोधनातली नैतिकता. वेळापत्रकात तोच होता.

मुदत टळल्यावर तीन आठवड्यांनी मी वहिनीकडे गेलो. आता जायला काही अडचण नव्हती, हे मी कबूल करतो. अण्णा कुंभकोणमला कुठल्या तरी लग्नाचं ठरवायला गेला होता. वहिनी मागच्या अंगणात चिंच निवडत होती.

"वहिनी, ती मुलगी आली होती ना, प्रश्न विचारायला. तिला तुम्ही जे सांगितलंत…"

"सहीचं विचारायला आलात?"

मी मान हलवली.

"मी केव्हाच केली. ती येऊन गेली की परीक्षेनंतर. म्हणाली, छापलं तर लोकांना कळेल हो, चालेल ना? मी म्हटलं, मी काय गुपित म्हणून सांगितलं होतं? छापायला येतेस म्हणूनच सांगितलं." तिनं चिंचोका बाजूला टाकला. "तुमच्या अण्णांनाही सांगितलं मी."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? दोन दिवस फोन घेऊन आत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाचशे माणसांचं आलं, मग आले." ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "तुम्हाला तिनं नाही सांगितलं?"

"नाही."

"म्हणाली, सर स्वतः विचारतो म्हणालेत, त्यांना विचारू दे. त्यांच्या मनाविरुद्ध नको. आम्ही दोघी वाट बघत होतो, भावोजी. झालं ना तिचं?"

"मुदत गेली, वहिनी."

वहिनीचे हात थांबले. थोड्या वेळानं म्हणाली, "तिला दोन मुलं आहेत," आणि पुन्हा चिंच निवडायला लागली. या वेळी जेवून जा म्हणाली नाही.

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. प्रकरण माझ्या सांगण्यावरून काढलं गेलं, तोंडी परीक्षेत मी गप्प राहिलो, दुरुस्त मसुदा वेळेत माझ्याकडे होता आणि सही मी केली नाही. सगळं लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं. नोंदणी पुन्हा सुरू करण्याची तरतूद नाही. माझ्याविरुद्ध काही झालं नाही. मार्गदर्शकानं सही केव्हा करावी याबद्दल नियम नाही.

मग मी तिला फोन केला. ती म्हणाली, परीक्षा चालू आहेत सर, चारनंतर करा. चारनंतर केला. मागे शाळा सुटल्याचा गलका होता. मी पत्र वाचून दाखवलं, उत्तरही. वहिनीकडे गेलो होतो तेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"सर, हे पत्र तारखेच्या आधी गेलं असतं तर?"

"झालं असतं."

"म्हणजे प्रकरणात काही कमी नव्हतं?"

"नव्हतं."

"पद्धत?"

"पद्धत बरोबर होती. माझ्यापेक्षा बरोबर होती."

गलका तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, "घरी सगळे विचारतात, सर, तुझं काय चुकलं? मी त्यांना सांगते, काहीतरी चुकलं असेल. काय ते मलाच कळत नव्हतं." मग, "हे एवढं लिहून द्याल? तुमच्या सहीनं. पदवीसाठी नको. नुसतं असू दे."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कागदावर मी लिहून दिलं. दोन वाक्यं झाली. लिहिणं, सही, शिक्का, लिफाफा, सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.